जास्तीचा ठिपका

कल्पना करा, तुमच्यापुढे फक्त सहा कळा आहेत. तीन डाव्या हाताला, तीन उजव्या हाताला. एक कळ म्हणजे एक ठिपका. अख्खी बाराखडी या सहा ठिपक्यांतून काढायची. कुठला उठवायचा आणि कुठला नाही, एवढंच तुमच्या हातात. कळा दाबून धरायच्या आणि पायाखालची दांडी दाबायची, की खाड्कन आवाज होऊन जस्ताच्या पत्र्यावर एक अक्षर उठतं. मग पुढचं. पत्रा मधोमध दुमडलेला असतो. पुढे त्याच्या पोटात किंचित ओलसर कागद घालून दाबला, की तेच ठिपके कागदावर येतात आणि अंध मुलांच्या बोटांना वाचता येतात.

आता समजा, तुम्ही चुकलात. खोडरबर इथे चालत नाही. पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठेवायचा, लहानशी हातोडी घ्यायची आणि राईच्या दाण्याएवढा तो एकच ठिपका शेजारच्याला धक्का न लावता ठोकून बसवायचा. दुसऱ्या पदरावर पुन्हा तेच. राहून गेलेला ठिपका उठवायचा असेल तर मागच्या बाजूने टोचणी लावायची. दिवसाला वीस पानं. असं सव्वीस वर्षं करून बघा.

तिने केलं होतं. मिशनच्या छापखान्यात सगळे तिला सहाबोटी म्हणत. नवीन माणूस हे नाव ऐकून आधी तिच्या हातांकडे बघायचा, बोटं मोजायचा आणि ओशाळायचा. बोटं दहाच होती, पण कामाला सहा लागत, आणि उरलेली चार बसून खातात असं काका म्हणत.

काका म्हणजे छापखान्याचे वाचक. ते तीन वर्षांचे असताना तापात त्यांची दृष्टी गेली होती. पहिला कच्चा कागद निघाला की तो काकांच्या टेबलावर जायचा. ते दोन्ही हातांच्या तर्जन्या ओळीवरून सरकवत वाचायचे आणि चूक आली की थांबायचे. "तिसरी ओळ, पाचवा शब्द, पहिलं अक्षर. ठिपका राहिला." सहाबोटी तिथे पेन्सिलीने खूण करायची आणि पत्रा दुरुस्त करायची. काकांच्या नजरेखालून, म्हणजे बोटाखालून, गेलेल्या पानावर बोट ठेवायला जागा नसे. छापखान्याचा एक जुना नियम होता, कुणी भिंतीवर लावलेला नव्हता पण सगळे पाळत: डोळा आणि बोट यांचं पटलं नाही, तर बोटाचं ऐकायचं. डोळ्याला सावली फसवते, ओलसर कागद फसवतो. वाचणाऱ्या मुलांना डोळे नसतात, त्यामुळे डोळ्यांचं मत कुणी विचारतही नव्हतं.

सुरुवातीला ती एकदा वाद घालायला गेली होती. एकोणीस वर्षांची होती, नवीन नोकरी, अंगात रग. "काका, ठिपका आहे तिथे. मला दिसतोय."

"दिसत असेल," काका म्हणाले. "पोरांनी वाचताना तुला सोबत न्यायचं का?"

तिने कागद उचलून तिरका धरला. तिथे ठिपका नव्हता, कागदाची सुरकुती होती. तेव्हापासून तिने बोटाशी वाद घातला नाही.

छापखान्यात प्रार्थनांचे आणि शास्त्राचे खंड निघत. ठिपक्यांचं पुस्तक जाडजूड असतं. डोळसांच्या खिशात मावणारं पुस्तक इथे बारा खंडांत जातं, आणि एकेक खंड उशीएवढा. कागद जोडीने दुमडून शिवायचे, म्हणून खंडाच्या शेवटी हटकून दोन-तीन पानं कोरी उरत. एकदा कुठल्याशा शाळेतून एका मुलाचं पत्र आलं की शेवटची पानं फार गुळगुळीत आहेत, तिथे काहीतरी का नाही. काका हसले. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत म्हणाले, "सहाबोटे, डबा झाला असेल तर मशीनवर बस. एक गोष्ट सांगतो."

अशी ती गोष्ट सुरू झाली. दर खंडाच्या शेवटी दोन पानं. बाकीची कामं सांभाळून वर्षाला एखाद-दुसरा खंड निघायचा, म्हणजे गोष्ट गोगलगायीच्या चालीने चालायची, पण चालायची.

गोष्टीत एक मुका देश होता. तिथल्या सगळ्या घंटांच्या जिभा एका सकाळी गळून पडल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर मेंढपाळ राजाची हाकही ऐकू येईनाशी झाली होती. घंटेवाल्याची मुलगी, तिचा धाकटा भाऊ आणि एक लंगडी, तोंडाळ मेंढी अशी तिघं जीभ नसलेली एक घंटा पाठीवर बांधून राजाला शोधायला डोंगराच्या पोटात उतरली. वाटेत हाडं वाजवणारी नदी लागली, कुबट वासाचं जंगल लागलं, माणसाचा आवाज चोरून बोलणारे खोटे मेंढपाळ लागले. मेंढी सगळ्यांना टाकून बोलायची. "देवाने मला तीन पाय दिले आणि तुम्हाला मिळून एक डोकं," हे तिचं वाक्य मुलांना इतकं आवडलं, की शाळेतल्या बाईंनी तक्रार केली होती.

आणि त्या अख्ख्या गोष्टीत काही दिसत नव्हतं. रंग नाही, चंद्र नाही, चमकणं नाही. सहाबोटीने एकदा आपल्या मनाने 'काळोख्या गुहेत' असं मारलं. काकांचं बोट तिथे अडलं.

"काळोख्या कशाला?"

"गुहा आहे ना, काका."

"त्या पोरांना उजेड माहीत असेल तर काळोख कळेल. गार लिही. गुहा गार असते."

खोटे मेंढपाळ खऱ्या राजाच्याच आवाजात बोलत, म्हणून खरा कोण ते ओळखायची एकच खूण होती. खऱ्याच्या तळहातात खिळ्याचा वण होता. हात हातात घ्यायचा आणि बोट फिरवायचं. घंटेवाल्याची मुलगी प्रत्येकाला म्हणायची, "हात द्या आधी." पुढे शाळेतली मुलं पाहुण्यांनाही असंच म्हणू लागली, असं पत्रांतून कळे.

सहाबोटीला स्वतःचं मूल नव्हतं. घरी ती आणि नवरा. घर म्हणजे घड्याळजीच्या दुकानावरची दीड खोली, खिडकीला लागून शिलाई मशीन, दाराला लागून नवऱ्याची हत्यारांची पेटी. तो लिफ्टदुरुस्तीवाला होता. "मी माणसं वर-खाली करतो, ही ठिपके वर-खाली करते," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. गोष्टीतली मेंढी त्याला माहीत होती, भाऊ माहीत होता. प्रत्येक खंड बाहेर पडला की तो विचारायचा, "पोहोचली का तुमची मंडळी?" आणि ती म्हणायची, "एवढ्यात कशी पोहोचतील? अजून खंड आहेत."

अकराव्या खंडाच्या वेळी मंडळी पोहोचायच्या बेतात होती. साहेबांनी, म्हणजे छापखान्याच्या व्यवस्थापकांनी, त्याच महिन्यात सगळ्यांना बोलावून सांगितलं होतं की बाराव्या खंडानंतर हे काम बंद. दुसऱ्या शहरात संगणकावर चालणारं यंत्र आलं आहे, एका दुपारात अख्खं पुस्तक काढतं. साहेब वाईट माणूस नव्हते, बोलताना सारखा चष्मा पुसत होते. म्हणजे गोष्टीला चारच पानं उरली होती: दोन अकराव्याची, दोन बाराव्याची. अकराव्यात मुलगी शेवटच्या भिंतीपाशी पोहोचेल, बाराव्यात आत राजा भेटेल, ती त्याचा हात हातात घेईल. काकांनी हे सहाबोटीला सांगून ठेवलं होतं. ती त्या दोन पानांसाठी जीव धरून होती. सव्वीस वर्षांत तिने जे काही मारलं ते दुसऱ्यांचं होतं. ही एकच वस्तू तिची होती, आणि ती निम्मी काकांची होती म्हणून जास्तच तिची होती.

अकराव्याचं शेवटचं वाक्य असं होतं: भिंतीपलीकडून आवाज आला, दार उघडं आहे.

कच्चा कागद काकांच्या टेबलावर गेला. त्यांची बोटं शेवटच्या ओळीवर आली आणि थांबली. पुढे-मागे झाली. पुन्हा थांबली.

"शेवटून तिसरा शब्द. पहिलं अक्षर," काका म्हणाले. "एक ठिपका जास्त आहे. मधल्या ओळीतला. बसव."

सहाबोटीने बघितलं. 'दार' मधला द. वर शेजारीशेजारी दोन ठिपके, त्यातल्या उजव्याच्या खाली एक. तीन. द तीन ठिपक्यांचाच असतो. मधला बसवला तर राहिले दोन, आणि दोन म्हणजे च.

"काका, तो द आहे."

"बसव म्हटलं ना."

तिने कागद तिरका धरला. सरळ धरला. खिडकीपाशी नेला. ठिपके तीनच होते आणि तीनच हवे होते. पण ती सुरकुती तिला आठवली. म्हटलं, आपल्याच डोळ्यांना काहीतरी झालंय, आपण द म्हणतोय आणि काका काही वेगळं वाचतायत. तिने पत्रा ठोकळ्यावर घेतला, हातोडी उचलली आणि दोन्ही पदरांवर एकेक टोला दिला. नवा कागद काढला. काकांनी बोट फिरवलं. "आता बरोबर."

नव्वद प्रती निघाल्या, शिवल्या, पोत्यांत भरल्या आणि गेल्या.

पत्रं यायला दीड महिना लागला. एका अंधशाळेतली सातवीतली मुलगी नेहमी लिहायची. तिच्या प्रत्येक पत्रात दहा प्रश्न असत, म्हणून छापखान्यात तिचं नाव प्रश्नपत्रिका पडलं होतं. तिचं पाकीट आलं की काका स्वतः फोडायचे, वाचता वाचता एकटेच हसायचे. या वेळी त्यांनी पाकीट सहाबोटीकडे सरकवलं.

"तूच वाच. मला सर्दी आहे."

"बोटांना सर्दी झाली का, काका?"

"वाच म्हणतो तर वाच."

ती वाचू लागली. प्रश्नपत्रिकेने लिहिलं होतं: 'भिंतीपलीकडून आवाज आला, चार उघडं आहे, असं तुम्ही लिहिलंय. बाई म्हणाल्या ही चूक आहे. पण तुमची चूक कधीच नसते, म्हणून हे कोडं आहे असं मी सगळ्यांना सांगितलं. व्याकरणात बसत नाही म्हणजे कोडंच असणार. आम्ही शाळेतली दारं मोजली. मोठ्या दरवाजापासून चौथं दार सामानाच्या खोलीचं आहे. त्याला कुलूप आहे. आम्ही दुपारची प्रार्थना झाली की रोज तिथे जाऊन बसतो आणि हात लावून बघतो. अजून कुलूपच आहे. बाराव्या खंडाआधी उघडेल ना? मेंढीला नमस्कार.'

सहाबोटीने शेवटपर्यंत वाचलं. तिला वाटलं, काका आता कपाळावर हात मारतील, मग मेंढीच्या आवाजात काहीतरी लागट बोलतील. काका म्हणाले, "हं. पुढचा खंड काढ." बस. तिने 'चार' म्हटलं तिथे त्यांची भुवईसुद्धा हलली नाही.

त्यानंतर आठवडाभर ती त्यांच्याकडे बघत राहिली. ते चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरत, बोटांनी नव्हे. शर्टाची बटणं एक घर सोडून लागलेली असत. एकदा पेटत्या दिव्याच्या काचेवर त्यांचा हात टेकला आणि तिने ओढेपर्यंत तिथेच राहिला. तिने मन घट्ट केलं. वय झालंय, म्हटलं.

मग बाराव्या खंडाचं एक पान तपासायला दिलं त्या दिवशीची गोष्ट. तिने गठ्ठ्यातून कागद काढून काकांपुढे ठेवला आणि वळली. काका वाचू लागले. एकशे काहीतरी क्रमांकाची प्रार्थना होती, ते स्पष्ट, संथ, एकेक शब्द सुटा करून म्हणत होते. बोटं ओळीवरून सरकत होती, ओळ संपली की खाली उतरत होती. सहाबोटी खूण करायला पेन्सिल घेऊन वाकली आणि तिथेच थांबली.

तिने चुकून कोरा कागद ठेवला होता.

काकांनी पान पुरं केलं. मध्ये एकदा अडखळलेसुद्धा, नेहमी अडखळत तसे. शेवटी बोट उचलून म्हणाले, "बरोबर आहे. दुसरं आण."

ती दुसरं आणायला गेली नाही. स्टूल ओढून समोर बसली. काकांना तिचं बसणं ऐकू आलं.

"कोरं होतं का?" त्यांनी विचारलं.

"हो, काका."

"तरी मला वाटलं, आज कागद फार गुळगुळीत आहे. मग म्हटलं, आता रोजच गुळगुळीत असतो." त्यांनी हात टेबलावर पालथे ठेवले. "साखर. डॉक्टर म्हणाला, नसा मरतात. डावं बोट दोन वर्षांपूर्वी गेलं. उजव्याला थोडं थोडं लागायचं, या उन्हाळ्यापासून तेही नाही. पाठ आहे तेवढं वाचतो. तू चुका कमी करतेस म्हणून निभावलं."

"मला सांगायचं होतंत. मी डोळ्यांनी तपासलं असतं."

"मग मी इथे कशाला? चहा प्यायला?"

साहेबांना कळलं असतं तर काकांना आजच घरी पाठवलं असतं, आणि घर म्हणजे छापखान्यामागची मिशनने दिलेली एक खोली. ती साहेबांना सांगणार नव्हतीच. खंड संपायला तीन आठवडे होते. तीन आठवडे ती दोघांचं काम करू शकत होती. तिला फक्त ती दोन पानं हवी होती.

"काका, प्रार्थना मी बघते. तुम्ही शेवट सांगा. मी मारते. मुलं दारापाशी बसली आहेत."

"नाही."

"दोनच पानं, काका."

"त्यात काय आहे, माहीत आहे ना तुला? ती पोर त्याचा हात हातात घेते. बोट फिरवते. वण लागतो. ती ओळखते." काकांनी उजवा हात उचलला आणि डाव्या तळव्यावर तर्जनी घासली, कोरडा आवाज आला. "साठ वर्षं मी हेच धरून जगलो. गेलो की समोर कोणीतरी येईल, मी म्हणेन, हात द्या आधी. तोंड बघून ओळखायची सोय मला नाही. आता हात दिला तरी मला काय लागणार? कोरा कागद. जे मलाच व्हायचं नाही ते मी पोरांना कशाला सांगू?"

"तो तुम्हाला ओळखेल ना."

काका हसले, पण मेंढीसारखं नाही. "तो ओळखेल गं. माझी हरकत नाही. पण मला ओळखायचं होतं."

तिने रोज विचारलं. डबा खाताना विचारलं, कुलूप लावताना विचारलं. एकदा स्वतःच दोन ओळी रचून आणल्या आणि वाचून दाखवल्या. काका शांतपणे ऐकून म्हणाले, "चांगलं आहे. तुझं आहे, माझं नाही. छापायचं असेल तर छाप." तिने छापलं नाही. मुलगी तिच्या ओळींत दारातून आत जात होती खरी, पण पावलांचा आवाज येत नव्हता. बारावा खंड गेला तेव्हा त्याची शेवटची दोन पानं गुळगुळीत होती.

एक काम मात्र तिने केलं. वीतभर पत्र्याच्या तुकड्यावर शुद्धिपत्र मारलं: अकरावा खंड, शेवटची ओळ, 'चार' ऐवजी 'दार' वाचावे. नव्वद चिठ्ठ्या काढल्या आणि बाराव्याच्या प्रती जाण्याआधी प्रत्येकीत एकेक सरकवली.

छापखान्याला कुलूप लागलं. पत्रे भंगारात गेले. काकांना मिशनने वृद्धाश्रमात पाठवलं. गाडी आली त्या दिवशी तिने त्यांची बटणं नीट लावून दिली आणि शेवटी एकदाचं विचारून टाकलं, "काका, तो अकराव्यातला ठिपका. तुम्हाला तिथे काय लागलं होतं?"

"कुठला ठिपका?" काका म्हणाले. गाडीवाला घाई करत होता. तीन महिन्यांनी वृद्धाश्रमातून निरोप आला, तोही अंत्यविधी उरकल्यावर.

प्रश्नपत्रिकेचं शेवटचं पत्र फिरत फिरत सहाबोटीच्या घरी पोहोचलं. त्यात एकच प्रश्न होता: 'दार उघडं होतं, तर ती आत का गेली नाही?' खाली लिहिलं होतं की सामानाच्या खोलीपाशी आता कुणी बसत नाही.

ते पत्र शिलाई मशीनच्या खणात आहे. त्याच्याखाली तिने भंगारातून वाचवलेला एकच पत्रा आहे, अकराव्याचा शेवटचा. बसवलेला ठिपका पत्र्यातून पुरता जात नाही. नीट चाचपलं तर तिथे बारीकसा वण लागतो.

"ठेव ते आता," नवरा म्हणतो. "म्हाताऱ्याची बोटं मेली होती, चुकला. त्यात काय शोधायचं?"

"तुमच्या लिफ्टची तार तुटली तर ती वर जाते का खाली?"

"खाली. का?"

"मग मला सांगा," ती पत्र्यावरून बोट न उचलता म्हणते, "मेलेल्या बोटाला ठिपका कमी लागेल. जास्त कसा लागला?"